तिसऱ्या रांगेतला प्रश्न : इंदूरमध्ये मराठी व्याख्यानमाला भरवणाऱ्यांना खुलं पत्र

मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

मी या शहरात चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. आता निवृत्त आहे, रामबागेत राहते आणि थंडीच्या दिवसांत गावातल्या बहुतेक मराठी व्याख्यानांना जाते. शाल, पाण्याची बाटली आणि शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची, गुडघे बोलायला लागले की कुणाला न उठवता निघता यावं म्हणून. ज्या व्याख्यानामुळे हे पत्र लिहायला बसले, त्या मंडळाचं आणि वक्त्यांचं नाव मी घेणार नाही. कारण हीच पत्रिका थोड्याफार फरकानं मी आजवर तीन सभागृहांत हातात घेतली आहे: 'क्वांटम विज्ञान आणि मनाची अमर्याद शक्ती'. तेव्हा हे पत्र तुम्हा सगळ्यांनाच आहे असं समजा.

त्या संध्याकाळी मी वहिनीला बरोबर नेलं होतं. दादा गेल्यावर ती पहिल्यांदाच घराबाहेर कशाला तरी आली होती. तिला कमी ऐकू येतं म्हणून तिला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि मी माझ्या जागेवर गेले. वक्ते छान बोलले, अगदी घरातल्या माणसासारखे. पडद्यावर आकाशगंगा, मग मेंदू, मग पुन्हा आकाशगंगा. मग ते म्हणाले की बघणाऱ्याच्या मनाप्रमाणे कण वागतो हे शास्त्रज्ञांनी प्रयोगानं सिद्ध केलं आहे, म्हणून विचार बदला की वास्तव बदलतं, आणि आजार म्हणजे दुसरं काही नसून मनाची चुकलेली फ्रीक्वेन्सी. टाळ्या झाल्या. आभार झाले. प्रश्नोत्तरं झाली नाहीत, कारण चहा थंड होत होता.

परत येताना आमची रिक्षा जवाहर मार्गावर अडकली. पुढे काही दिसत नव्हतं, मागे हॉर्न. रिक्षावाला पुढच्या कारवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. वहिनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, म्हणजे आम्हीच नीट विचार केला नाही का? म्हणून हे उठले नाहीत?"

चौतीस वर्षांत मला पोरांनी नाना प्रश्न विचारले, काही तर मुद्दाम फजिती करायला. पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि तो माझ्याच विषयाच्या नावावर विचारला गेला होता.

आधी त्या प्रयोगाचं बघू. दोन फटींचा प्रयोग खरा आहे आणि विलक्षणही आहे. एकेक करून इलेक्ट्रॉन दोन बारीक फटींतून सोडले तरी पलीकडच्या पडद्यावर हळूहळू लाटांसारखे पट्टे उमटतात, आणि तो कुठल्या फटीतून गेला हे टिपायची सोय केली की पट्टे नाहीसे होतात. इथपर्यंत वक्ते बरोबर होते. मग 'टिपायची सोय' उचलून त्या जागी त्यांनी 'बघणाऱ्याचं मन' ठेवलं, आणि हात इतका सफाईचा की सभागृहात कुणाला कळलंही नाही. इलेक्ट्रॉन टिपायचा म्हणजे त्याच्याशी कशाची तरी गाठ पडावी लागते, प्रकाशाची किंवा यंत्राची. प्रयोगशाळेला कुलूप लावून सगळे घरी जाऊन झोपले आणि टिपणारं यंत्र चालू राहिलं, तरी पट्टे जायचेच. हवेतला एखादा रेणू येऊन धडकला तरी तेवढ्यानं काम भागतं. त्या रेणूला मन नाही, श्रद्धा नाही, आणि त्यानं शिबिराची फीही भरलेली नाही.

ही गल्लत फक्त हौशी लोकांनी केली असं मात्र नाही. युजीन विग्नर हे १९६३ च्या नोबेलचे मानकरी. १९६१ मध्ये त्यांनी गंभीरपणे मांडलं होतं की जाणीव मधे आल्याशिवाय मोजमापाची, म्हणजे टिपण्याची, गोष्ट पुरी होत नाही. पुढे जर्मन फिजिक्सवाले डीटर झे यांचं १९७० पासूनचं काम पाहून विग्नर यांनी ते मत सोडलं. झे यांनी दाखवलं ते साधारण हेच, की भोवतालची धक्काबुक्कीच क्वांटम नाजूकपणा, म्हणजे कणाचं ते लाटांसारखं वागणं, मोडून टाकते. मोठ्या माणसानं मत मांडलं हे आपल्या व्याख्यानांत हमखास येतं. त्यानं ते सोडलं, हे का कोण जाणे, गाळलं जातं.

रॉजर पेनरोज यांचं नाव त्या दिवशी दोनदा आलं, दोन्ही वेळा 'नोबेल विजेते' असं म्हणून. नोबेल त्यांना २०२० मध्ये मिळालं, ते कृष्णविवरांवरच्या कामासाठी. जाणिवेबद्दलची त्यांची कल्पना वेगळी आहे. स्टुअर्ट हॅमरॉफ या भूलतज्ज्ञाबरोबर त्यांनी ती मांडली: मज्जापेशींच्या आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो, त्यात क्वांटम घडामोडी चालतात आणि त्यातून जाणीव येते. यावर २००० मध्ये फिजिक्सवाले मॅक्स टेगमार्क यांनी गणित केलं. मेंदूसारख्या उबदार, ओल्या, गजबजलेल्या जागी अशी नाजूक स्थिती किती टिकेल? उत्तर आलं, सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाहून जास्त नाही, बहुधा त्याहून कितीतरी कमी. मज्जापेशीचा एक ठोका मात्र मिलिसेकंदात चालतो. हा फरक वर्गात सांगायची माझी युक्ती अशी: त्या नाजूक स्थितीचं आयुष्य एक सेकंद धरा, मग मज्जापेशीला एक ठोका द्यायला तीनशे वर्षं लागतील. होळकरांचं राज्यही तेवढं जुनं नाही. हॅमरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेगमार्क यांच्या गृहीतकांवर आक्षेप घेतले आहेत आणि वाद अजून चालू आहे, हेही सांगायला हवं. पण त्या वादात कुठल्याही बाजूनं असं निघत नाही की बायकोनं चांगला विचार केला असता तर नवऱ्याच्या डोक्यातला रक्तस्राव थांबला असता.

दादा मागच्या वर्षी श्रावणात जिन्यावरून पडला. एकोणीस दिवस आयसीयूत होता. मला तुम्हाला सांगायचंय ते हे, की तिथे फिजिक्स होतं, खरं फिजिक्स, आणि भरपूर होतं.

चौथ्या दिवशी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढायला एक विशीतला मुलगा आला. त्यानं दादाच्या नाकाच्या वरच्या खाचेपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावली, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. शिंप्याच्या निगुतीनं मापं घेऊन लाल पेन्सिलीनं खुणा केल्या, कापसानं केस बाजूला सारले आणि एकेक इलेक्ट्रोड पेस्टनं चिकटवत गेला. यंत्र सुरू केलं तर पडद्यावर नुसती जाड, दाट, एकसारखी पट्टी. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि मला हिंदीत म्हणाला, मॅडम, तेवढा चार्जर काढा. पलंगामागच्या प्लगमध्ये माझ्या मोबाईलचा चार्जर होता. घरातल्या विजेचे पन्नास हर्ट्झ दादाच्या रेघांत शिरत होते. जन्मभर पोरांना फळ्यावर शिकवलेली गोष्ट माझ्या भावाच्या डोक्यावर दिसत होती. चार्जर काढला आणि खालून खऱ्या रेघा वर आल्या, मंद, रुंद, दमलेल्या.

या रेघांची गोष्ट तुमच्या वक्त्यांना आवडली असती. हान्स बर्गर हा जर्मन माणूस तरुणपणी लष्करी सरावात घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच संध्याकाळी घरून तार आली: बहिणीला एकाएकी तुझी काळजी वाटली, बरा आहेस ना? बर्गरला वाटलं, आपली भीती तिच्यापर्यंत पोचली. एका मनातून दुसऱ्या मनात असं काय जातं, याचा शोध घ्यायला तो डॉक्टर झाला. १९२४ मध्ये त्यानं माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा विजेच्या लहरी टिपल्या. पाच वर्षं त्या पुन्हा पुन्हा तपासल्या, आपलं यंत्रच तर फसवत नाही ना याची खात्री केली, आणि मगच, १९२९ मध्ये, छापल्या. दूरसंवेदनेचं काही हाती लागलं नाही. त्या लहरी काही लक्षांश व्होल्टच्या, कवटीला पेस्ट लावून चिकटल्याशिवाय सापडत नाहीत, मग त्या गावोगाव कुठून जाणार! पण जे शोधत होता ते मिळालं नाही आणि जे मिळालं ते जगभरच्या रुग्णालयांत कामाला आलं. ही गोष्ट रंगवून सांगितली तर एक तास सहज जाईल, आणि त्यात एक शब्द खोटा घालावा लागणार नाही.

तशीच दुसरी, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांची. मज्जातंतूतून संदेश किती वेगानं जातो हे कधीच मोजता येणार नाही असं त्यांचे गुरू योहानेस म्युलर म्हणत. १८५० मध्ये शिष्यानं बेडकाच्या पायावर ते मोजलं: सेकंदाला तीसेक मीटर. आपल्या मनात आलं आणि लगेच हात हलला असं आपण म्हणतो, त्या 'लगेच'ला लांबी असते हे तेव्हा कळलं. पुढे हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माखळीच्या जाड मज्जातंतूत तार घालून १९५२ मध्ये त्या संदेशाची समीकरणंच लिहिली. पेशीच्या पडद्याच्या दोन बाजूंत फरक असतो जेमतेम ७० मिलिव्होल्टचा, पण पडदा इतका पातळ की हिशेब केला तर मीटरला एक कोटी व्होल्टच्या घरात जातो. विजेच्या तारेखाली उभं राहायला घाबरणारे आपण, आपल्या प्रत्येक पेशीत हे घेऊन पोहे खात असतो. आणि एवढा सगळा मेंदू चालतो सुमारे २० वॅटवर. देवघरातला जुना झिरोचा बल्ब आठवा, त्यापेक्षा थोडा जास्त.

वहिनीनं त्या ईईजीवाल्या मुलाला एकच विचारलं होतं: "ऐकू येतंय का यांना?" तो म्हणाला, डॉक्टरसाहेबांना विचारा. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. वाईट वाटलं, पण उत्तर प्रामाणिक होतं.

आता बघा, याच प्रश्नावर शास्त्रज्ञ काय करताहेत. २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी कसलाही प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला एमआरआय यंत्रात ठेवून सांगितलं, टेनिस खेळताय अशी कल्पना करा. मग, आपल्या घरात फिरताय अशी. निरोगी माणसाच्या मेंदूचे जे भाग अशा वेळी जागे होतात, तेच तिचेही झाले. तिचं बोट हलत नव्हतं, पण ती ऐकत होती. २०२४ मध्ये एक मोठी पाहणी आली: सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत सूचना पाळल्याची खूण सापडली. चारातला एक. आणखी एक पद्धत २०१३ पासूनची आहे, ती मला फार आवडते. डोक्याजवळ चुंबकीय गुंडाळी धरून मेंदूला एक टिचकी मारायची आणि उमटणारा प्रतिध्वनी कॉम्प्युटरवर आपण फाइल झिप करतो तसा दाबून बघायचा. गाढ बेशुद्धीतला मेंदू चिरक्या मडक्यासारखा एकच आवाज देतो, तो सहज दाबला जातो. जागा मेंदू असं काही वाजतो की दाबता दाबला जात नाही. जाणीव म्हणजे काय याचं उत्तर यातून मिळत नाही. ती आहे की नाही याचा अंदाज मिळतो, आणि आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसाला तेवढंच हवं असतं.

मोठा प्रश्न मोठाच आहे. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत जाणिवेचं मेंदूतलं ठिकाण स्पष्ट होईल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला सगळ्यांदेखत कॉख हरले आणि त्यांनी वाइन दिली. हरल्यावर वाइन देणारे वक्ते आपल्याला का मिळत नाहीत?

तुम्ही म्हणाल, बाई, लोकांना मेंदूच्या पेशी नकोत, जगण्याचं काही सांगा. तर तेही आहे. त्या रात्री जवाहर मार्गावर आम्ही का अडकलो होतो? जपानमध्ये २००८ साली युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, गाय नाही. सगळ्यांना सांगितलं, एकसारख्या वेगानं चालवा. थोड्याच वेळात गाड्यांची कोंडी तयार झाली आणि लाटेसारखी मागे मागे सरकू लागली. कुणाचीच चूक नव्हती. एवढ्या जागेत एवढ्या गाड्या झाल्या की बारीकसा ब्रेक मागे जाता जाता मोठा होतो. आमचा रिक्षावाला ज्याला शिव्या देत होता तोही बिचारा अडकलेलाच होता.

गर्दीचंही तेच. रंगपंचमीच्या गेरमध्ये, रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी माझ्या लहानपणी एकदा माझे पाय जमिनीवरून उचलले गेले होते. दादानं दंड धरून ओढलं. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांच्या वर गेलं की गर्दी माणसांची राहत नाही, पाण्यासारखी वाहते, आणि लाट आली की कुणी कितीही शहाणं असलं तरी लाट नेईल तिकडे जातं. डर्क हेलबिंग आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये कॉम्प्युटरवर दाखवलं की दाराशी सगळे घाई करू लागले की बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. चेंगराचेंगरी झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, लोक बेभान झाले. बहुतेकदा लोक बेभान नसतात, जागा कमी पडलेली असते. म्हणजे बघा, मोजणारं फिजिक्स निष्पाप माणसाच्या डोक्यावरून दोष उतरवतं. तुमच्या मंचावरचं फिजिक्स तो वहिनीच्या डोक्यावर ठेवून गेलं.

आपल्या शहराच्या स्वच्छतेचंही एक कोडं आहे. माझ्या तरुणपणी कचोरीचा कागद जिथे खाऊ तिथेच पडायचा आणि कुणाला काही वाटत नसे. २०१७ पासून आपण देशात पहिले येत गेलो आणि आज सराफ्यात रात्री बाराला गराडू खाणारा पाहुणासुद्धा डबा शोधतो. इझिंग नावाच्या माणसानं १९२५ मध्ये चुंबकासाठी एक गणिती प्रतिकृती छापली: प्रत्येक अणू शेजाऱ्यांकडे बघून वर किंवा खाली तोंड करतो, आणि बाहेरून थोडा रेटा मिळाला की एका टप्प्याला सगळेच्या सगळे एका बाजूला वळतात. रेटा काढून घेतला तरी बराच काळ वळलेलेच राहतात. मला यात आपलं इंदूर दिसतं. पण इथेच थांबायलाही हवं. अणूला पगार द्यावा लागत नाही. पहाटे चारला रस्ते झाडणाऱ्या बायका आणि रोज गाणं वाजवत येणारी गाडी इझिंगच्या समीकरणात 'बाहेरचा रेटा' एवढ्या एका अक्षरात बसते, आणि त्या अक्षराला मी नेहमी थोडी बिचकते. याच प्रतिकृतीच्या वाटेनं जॉन हॉपफिल्ड यांनी १९८२ मध्ये आठवणीचं गणित मांडलं. 'बारा सत्ते' म्हटलं की 'चौऱ्याऐंशी' आपोआप ओठांवर येतं, तसं अर्ध्या खुणेवरून पूर्ण आठवणीकडे घरंगळत जाणारं जाळं. त्यासाठी २०२४ चं नोबेल मिळालं, आणि ते फिजिक्सचंच.

तेव्हा विषय नको, असं मी म्हणत नाहीये. विषय हवाच, आणखी हवा. आपल्या गावात सुखनिवासला राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हा १७२ मीटर घेराचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर प्रकाश काढणारं यंत्र, आहे, सिमरोलला आयआयटी आहे, १८९१ पासूनचं होळकर सायन्स कॉलेज आहे. तिथली शिकलेली माणसं शनिवारी आपल्यासारखीच भाजी घ्यायला येतात. त्यांना विचारा. मराठी जरा हिंदीच्या वळणाची निघेल, चालेल, आपलीही तशीच आहे.

आणि कुणी मंचावरून म्हणालंच की आमच्या विचारानं वस्तू बदलतात, तर जयंत नारळीकरांनी ज्योतिषाचं केलं तसं करा. दोनशे मुलांच्या पत्रिका, अर्धी हुशार, अर्धी मतिमंद, ज्योतिषांनी ओळखायचं कोण कुठलं. उत्तरं बरोबर आली शेकडा ४६. नाणं उडवून याहून बरं जमलं असतं. आपल्या सभागृहातही शंभर नाण्यांचा असा प्रयोग पंधरा मिनिटांत होतो. नाणी मी आणते, नोंदी श्रोत्यांनी ठेवाव्यात.

एवढं जमलं नाही तर निदान चहा वीस मिनिटं उशिरा ठेवा आणि माइक खाली श्रोत्यांत फिरवा. सुरुवात तिसऱ्या रांगेपासून करा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रामबाग

ता. क. : त्या दिवशी दाराशी टेबल मांडलं होतं. तिथून वहिनीनं मला न सांगता अकराशे रुपयांचं 'क्वांटम ऊर्जा' लॉकेट घेतलं. मी घरी बघितलं. टाचणी चिकटते, म्हणजे साधं चुंबक आहे, आमच्या फ्रिजच्या दारावरच्या आंब्याच्या मागे असतं तसलंच. पावती जपून ठेवली आहे. लॉकेट परत घेणार असाल तर कळवा, मी आणून देईन.